वजन उचलणाऱ्यांनो, खांद्याची हेळसांड नको!

बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ३० जुलै २०२२ रोजी भारताला पहिले पदक मिळवून दिले ते सांगलीच्या संकेत सरगर याने. वय अवघे २१ वर्षांचे. वडिलांची सांगलीत पानाची टपरी आणि चहा-नाश्त्याची गाडी. ५५ किलो वजनी गटात संकेतने स्नॅच प्रकारात ११३ किलो आणि क्लीन अँड जर्क प्रकारात पहिल्याच प्रयत्नात १३५ किलो उचलले. सुवर्णपदक हाताच्या अंतरावर होते. दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलो डोक्यावर नेताना मात्र त्याच्या उजव्या कोपराला जबर दुखापत झाली. तरीही गडी तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहिला. वजन काही पेलले नाही. त्याची बेरीज २४८ किलो झाली, मलेशियाच्या अनिक कसदानची २४९. एका किलोने सुवर्ण गेले! रौप्यपदक घेताना त्याचा हात झोळीत बांधलेला होता.

पुढे केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने त्याच्या ब्रिटनमधील उपचारांसाठी निधी मंजूर केला. योग्यच झाले. देशासाठी वजन उचलणाऱ्याचा हात देशाने बरा करावा, यात उपकार कसले? पण आमच्या मनात आले ते वेगळेच. ज्यांच्या छातीवर तिरंगा नाही, पण जे रोज संकेतइतकेच वजन उचलतात, त्यांच्या खांद्याचे काय?

आमचे खापर हे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरचे गाव. पुढे गेले की गुजरातची हद्द. इथला माणूस पोट भरतो ते उचलून. ट्रकमधली पोती, सिमेंटच्या गोण्या, गवंड्याच्या हाताखालची घमेली, हंगामात गुजरातेत ऊसतोडीला गेल्यावर डोक्या-खांद्यावरच्या मोळ्या. आणि दिवसभर हे करून आलेली तरणी पोरे संध्याकाळी पुन्हा वजने उचलायला जातात. कुठे गावात जिम असते, कुठे लोखंडी नळीच्या दोन टोकांना सिमेंट भरलेले डबे बसवून घरीच बारबेल केलेला असतो. नाद चांगला आहे. गुटख्याच्या पुडीपेक्षा हजार पटीने चांगला. शरीर कमवणाऱ्या पोरांना नावे ठेवणाऱ्यांतले आम्ही नव्हे. पण यांतले कितीतरी जण काही महिन्यांत एक हात खाली पाडून बसलेले दिसतात. विचारले तर उत्तर ठरलेले, "खांदा धरलाय. जाईल."

तो जात का नाही, याची माहिती आज वाचकांपुढे ठेवायची आहे.

कळ दंडात, बिघाड वर

मांडीचे हाड कमरेत ज्या वाटीत बसते ती वाटी उखळासारखी खोल असते. खांद्याची वाटी मात्र बशीसारखी उथळ. म्हणूनच हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच तो लवकर बिघडतो. दंडाच्या हाडाचा गोळा या बशीत धरून ठेवायचे काम चार लहान स्नायू करतात. ते खांद्याच्या पात्यापासून निघून गोळ्याला वेढा घालतात. डॉक्टर त्यांना रोटेटर कफ म्हणतात. छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू जोर लावतात, हे चार लगाम धरतात. आरशात दिसतात ते मोठे. म्हणून पोरे व्यायाम देतात तोही मोठ्यांनाच. आठवड्यातून चार दिवस बेंच प्रेस, आणि लगामवाल्यांची आठवण कोणालाच नाही.

स्नायू हाडाला ज्या दोरीसारख्या चिवट भागाने बांधलेला असतो त्याला कंडरा म्हणतात. बेटकुळीच्या स्नायूची एक लांब कंडरा खांद्याच्या पुढून वर जाते. खांद्यातल्या कंडरांना इजा झाली की कळ बहुधा दंडाच्या बाहेरच्या अंगाला उतरते. मग आई दंडाला तेल चोळते, बायको गरम विटेने दंड शेकते, आणि खरा बिघाड वीतभर वर तसाच राहतो. हात कडेने वर नेताना मध्येच चमक येते, पुरता डोक्यावर गेला की कमी होते. त्या कुशीवर झोपले की रात्री ठणका लागतो. शर्टाची बाही घालताना, मागच्या खिशातले पाकीट काढताना जीव कळवळतो. ही लक्षणे ज्याला असतील त्याने दंड सोडून खांद्याकडे पाहावे.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, कारकुनी करून पोट भरणारे. त्यामुळे आम्हाला ही गोष्ट जमाखर्चाच्या भाषेत लवकर कळते. व्यायामाने स्नायू काही आठवड्यांत जोर धरतो. कंडरेला रक्ताचा पुरवठा कमी, तिला तेवढीच मजबुती यायला कित्येक महिने लागतात. पोरगा दोन महिन्यांत २० किलोंवरून ६० किलोंवर जातो तेव्हा स्नायूच्या खात्यात शिल्लक असते, पण कंडरेच्या खात्यातून उचल झालेली असते. त्यात हमालाची मजुरी मिळवा. ५० किलोंचे एक पोते धरले, तर शंभर पोती म्हणजे दिवसाला ५ टन! संध्याकाळच्या जिमचा हिशेब त्यानंतर सुरू होतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच सांगून ठेवले होते की प्रौढ पुरुषाने एका वेळी उचलायचा बोजा ५५ किलोंच्या वर असू नये. आपल्या राज्यात माथाडी कायदा १९६९ साली झाला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत त्याहीआधी उभी केली. शहरातल्या बाजार समितीतल्या हमालाला त्याचा आधार मिळाला. खेड्यातल्या दुकानापुढे ट्रक रिकामा करणाऱ्या सुट्या मजुराचे नाव कोणत्याही वहीत नसते. त्याचा खांदा गेला की ठेकेदार दुसऱ्या दिवशी दुसरा खांदा आणतो.

झोळीत हात बांधून बसणेही चूक

आमच्या वस्तीतला एक मुलगा आहे. नाव देत नाही, कारण गाव लहान आहे. आम्हाला तो मामा म्हणतो. दिवसा गोण्या उतरवायच्या, संध्याकाळी व्यायाम, आणि डोळ्यांपुढे पोलीस भरती. पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेचे गुण ५०. त्यातले १५ गोळाफेकीचे. मुलांचा गोळा ७.२६० किलोंचा. उजवा खांदा दुखत असेल तर हे १५ गुण गेलेच म्हणायचे. आठ महिने त्याने दुखणे अंगावर काढले. आधी आंबेहळदीचा लेप झाला. मग एका हाडवैद्याने हात ओढून "बसवला", त्यानंतर आठ दिवस हात वर होईना. मग एका दवाखान्यात दर पंधरवड्याला दुखण्याची सुई. सुई घेतली की दोन दिवस बरे वाटे, त्या दोन दिवसांत हा पुन्हा बेंचवर! शेवटी मोठ्या शहरात एका ठिकाणी एमआरआय काढला. तिथे सांगितले, कंडरा फाटली आहे, ऑपरेशन करा, लाखाच्या वर खर्च येईल. आईने गळ्यातली पोत मोडायची तयारी केली.

तेव्हा तो आमच्याकडे आला. "मामा, आता हात बांधूनच ठेवू का? वापरलाच नाही तर जुळेल ना?"

हा समज घरोघरी आहे. ताजी जखम असेल, सूज असेल, तर आठ-दहा दिवस जपणे ठीक. पण महिनोन्महिने हात न हलवणे हे कंडरेला मारक ठरते. कंडरा ओझ्याने दुखावते खरी, पण मजबूत होते तीही ओझ्यानेच. ओझे फक्त तिला झेपेल इतके हवे. शिवाय खांदा फार दिवस न हलवता ठेवला तर सांधा आखडतो, आणि ते एक नवेच दुखणे मागे लागते.

झेपेल इतके म्हणजे किती? यासाठी आम्ही त्या मुलाला रुपयाचा हिशेब सांगितला. सोसवत नाही इतके दुखणे म्हणजे सोळा आणे. व्यायाम करताना चार आण्यांपर्यंत दुखले तर चालेल. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे पूर्वीइतक्यावरच परत आलेले असले पाहिजे. सकाळी वाढलेले दिसले तर काल जास्त झाले, आज अर्धे करा. त्याने दोनशे पानी वहीत रोजची नोंद ठेवायला सुरुवात केली. डॉक्टरांपेक्षा या वहीने त्याला अधिक शिकवले, असे आमचे मत आहे.

नंदुरबारला फिजिओथेरपिस्टने त्याला जे दाखवले ते अगदी साधे आहे. भिंतीशी एका अंगाने उभे राहायचे, कोपर कुशीला चिकटवून काटकोनात दुमडायचे आणि मनगटाच्या पाठीने भिंत बाहेर ढकलायची. हात हलत नाही, नुसता जोर. तीस-चाळीस मोजेपर्यंत धरायचे, मग सोडायचे, असे चार-पाच वेळा. दोन-तीन आठवड्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून खिडकीच्या गजाला बांधायची, आणि कोपर तसेच कुशीला ठेवून ती पट्टी सावकाश बाहेर ओढायची. परत येतानाही सावकाश. पोरे ओढताना जोर लावतात आणि परत येताना सोडून देतात, खरा फायदा तर परत येण्यातच असतो. पुढे पाण्याच्या बाटल्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, डंबेल विकत आणायला नको! पालथे झोपून खांद्याची पाती मागे खेचायची, भिंतीवर टॉवेल ठेवून तो हाताने वर सरकवायचा. हे सगळे बारा आठवडे तरी करावे लागते. सहा आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडणारे पुष्कळ असतात, आणि सोडणाऱ्यांचेच खांदे वर्षानुवर्षे दुखतात.

जिमला परतताना जुन्या वजनाच्या निम्म्यावरून सुरू करावे. बेंच प्रेस करताना कोपरे खांद्याच्या रेषेत फाकवू नयेत, थोडी अंगाकडे घ्यावीत. मानेमागून बार खाली आणण्याचा प्रकार दुखऱ्या खांद्याने करूच नये. पुढे ढकलण्याचा एक व्यायाम केला तर मागे ओढण्याचे दोन करावेत. आमच्या जुन्या तालमीतला दोर चढण्याचा व्यायाम किंवा विहिरीचे पाणी शेंदणे यांत हे ओढणे आपोआप होत असे. आता नळ आले, ओढणे गेले.

मीराबाई चानूचे उदाहरण इथे सांगण्यासारखे आहे. मणिपूरच्या खेड्यात लहानपणी जळणाच्या मोळ्या वाहणारी ही मुलगी. तिला खांद्याचा आणि पाठीचा त्रास होता. ऑक्टोबर २०२० मध्ये ती अमेरिकेत सेंट लुईस येथे ॲरन हॉर्शिग या फिजिओथेरपिस्टकडे गेली. तिथे शस्त्रक्रिया झाली नाही. शरीराच्या दोन बाजूंचा तोल कुठे बिघडला आहे ते शोधून त्यानुसार व्यायाम दिले गेले. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंद येथे तिने क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलो उचलून जागतिक विक्रम केला, आणि २४ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवले.

फोटोत फाटलेले दिसले म्हणजे...

एमआरआयच्या कागदावर फाटल्याचा शब्द वाचून घाबरून जाऊ नका. १९९५ साली अमेरिकेत ज्यांचा खांदा मुळीच दुखत नव्हता अशा ९६ जणांचे एमआरआय काढले गेले. त्यांतल्या ३४ टक्के लोकांच्या कंडरा कमी-अधिक फाटलेल्या निघाल्या. साठीच्या पुढच्यांत तर हे प्रमाण ५४ टक्के! म्हणजे केस पांढरे व्हावेत तशी कंडरा विरते, आणि माणसाला पत्ताही लागत नाही. मात्र १९ ते ३९ वयात ते प्रमाण ४ टक्केच होते. म्हणून तरुण मुलाच्या खांद्यात फाटलेले दिसले आणि हातात जोरच उरला नाही, तर ते मनावर घ्यायला हवे. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाने मात्र नुसत्या फोटोवरून ऑपरेशन टेबलावर झोपू नये.

खांद्याच्या वरचे हाड घासून जागा मोकळी करण्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया बरीच वर्षे सर्रास होत असे. ब्रिटनमध्ये ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. काहींवर खरी शस्त्रक्रिया केली, काहींना नुसती दुर्बीण घालून आतले काहीही न कापता टाके घातले, काहींवर काहीच केले नाही. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. खरी शस्त्रक्रिया आणि खोटी शस्त्रक्रिया यांत रुग्णाला जाणवेल असा फरक निघाला नाही! पुरती फाटलेली कंडरा शिवणे, वारंवार निखळणारा खांदा बांधणे या शस्त्रक्रिया वेगळ्या. त्या गरजेच्या असतात तेव्हा कराव्याच लागतात. तशी वेळ आलीच तर दागिना मोडण्यापूर्वी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती शस्त्रक्रिया आणि ते रुग्णालय बसते का, याची चौकशी करावी. आमच्या त्या भाच्याच्या आईची पोत अजून गळ्यात आहे.

सुईबद्दल थोडे. खांद्यात देतात ते स्टिरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते. त्या आरामात व्यायाम सुरू करता आला तर उपयोग. पण ते पुन्हा पुन्हा घेतल्याने कंडरा कमकुवत होते. दुखण्याच्या गोळ्या उपाशीपोटी, उन्हात राबून आल्यावर, पाणी न पिता रोज खाल्ल्या तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात. आणि जिममध्ये कानात सांगून विकली जाणारी 'ताकदीची सुई' ही तिसरीच गोष्ट. तीही स्टिरॉइडच, पण जातीने वेगळी. ती स्नायू फुगवते, कंडरा मागेच राहते, आणि भार न सोसून तुटते. हृदय व यकृताचे नुकसान वेगळे. ती विकणाऱ्याला गावाने हटकले पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात ही तपासणी आधी

आता जे लिहितो आहोत ते पुण्या-मुंबईच्या व्यायामाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचा आजार आहे. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा बांधवांत तो आहे, आणि विदर्भाकडील आपल्या बौद्ध कुटुंबांतही तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडाला रक्त मिळेनासे झाले की हाडाचा तेवढा भाग मरतो. हे सर्वांत जास्त मांडीच्या हाडाच्या गोळ्यात होते, आणि त्याखालोखाल खांद्याच्या गोळ्यात. म्हणजे ज्या पोराला आपण "जिममध्ये खांदा धरला" म्हणतो, त्याचा आतला गोळा झिजत चाललेला असू शकतो. त्याला सायकलच्या ट्यूबचा व्यायाम काय उपयोगाचा?

म्हणून आमची कळकळीची विनंती आहे. आपल्या भागातल्या तरुणाचा खांदा दीड-दोन महिन्यांत हलका झाला नाही, लहानपणापासून हातपाय दुखण्याचे, डोळे पिवळे होण्याचे झटके येत असतील, घरात कोणाला सिकलसेल असेल, तर आधी रक्त तपासा. पहिली तपासणी सोपी आहे. तीत संशय आला तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही पक्की तपासणी होते, आणि रुग्ण कोण, नुसता वाहक कोण, हे कळते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू केली आहे. वाहक माणूस सहसा धडधाकट असतो आणि त्याने व्यायाम करायला हरकत नाही. पण मे महिन्याच्या उन्हात, पाणी न पिता, धाप लागेपर्यंत धावणे-उचलणे त्याला जिवावर बेतू शकते. भरतीची तयारी करणाऱ्यांनी हे विसरू नये. आणि दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. सोयरीक जुळवताना पत्रिका पाहणे आपण सोडले ते बरेच केले. त्या जागी हा रक्ताचा कागद पाहावा.

चाळिशीच्या पुढच्या भगिनींचा खांदा वजन न उचलताही आखडतो. वेणी घालता येत नाही, लुगड्याचा पदर मागे नेता येत नाही. मधुमेह असलेल्यांत हे जास्त होते. तेव्हा अशा वेळी साखर तपासून घ्यावी.

काही गोष्टींत मात्र थांबायचे नाही. वजन उचलताना आतून काही तुटल्याचा आवाज येऊन हात उचलेनासा झाला, बेटकुळी एकाएकी खाली कोपराकडे गोळा होऊन बसली, खांदा निखळला, हाताला मुंग्या येऊन पकड सुटू लागली, खांद्याला सूज येऊन ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. डाव्या खांद्यात-हातात दुखून छातीत जड वाटत असेल, घाम फुटत असेल, तर तो खांदा नव्हे, हृदय असू शकते. तिथे तेल चोळत बसू नये.

अक्कलकुव्याला ग्रामीण रुग्णालय आहे, नंदुरबारला जिल्हा रुग्णालय, आणि २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. जाताना नुसते "खांदा दुखतो" म्हणू नका. कधीपासून, काय उचलताना, हात कुठपर्यंत जातो, रात्री झोप लागते का, कोणत्या सुया-गोळ्या किती घेतल्या, घरात सिकलसेल वा साखर कोणाला, हे सगळे एका कागदावर लिहून न्या. रांग मोठी असते, डॉक्टरांना वेळ थोडा असतो, आणि कागद हातात असला की आपला माणूस बोलताना अडखळत नाही.